स्टेडियमवरचं सोयाबीन

मित्रमैत्रिणींनो, रिकाम्या पडलेल्या स्टेडियमवर पहिला हक्क कुणाचा? खरं सांगते, मला उत्तर देता येत नाही.

समुद्रकाठच्या एका शहरातला व्यावसायिक फुटबॉल संघ आमच्या तालुक्याच्या स्टेडियमवर सामना खेळवण्याचा विचार करतोय. 'आमच्याकडे खेळा' म्हणून चार महिने मी त्यांना पत्रं लिहीत होते. आज दुपारी त्यांचे व्यवस्थापक मैदान बघायला येणार होते आणि सकाळी जाऊन पाहते तर मैदानभर सोयाबीन वाळत घातलेलं!

"अक्का, आजच्या दिवस उचला की," मी शेजारच्या शांताक्कांना म्हटलं.

"कामून? वरीसभर इथं कोण खेळायलंय? अन् तुझ्या अप्पाचं सोयाबीन दिसंना व्हय तुला? लई शिकलीस न्हाई का, पहिलं घरचं उचल!"

सोयाबीन पसरणाऱ्या सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण अक्कांचं बरोबर होतं.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. म्हणून न विचारताच मी आमच्या सोयाबीनची पोती भरायला बसले. तिसऱ्या पोत्याचं तोंड धरायला शांताक्का स्वतः आल्या.

व्यवस्थापक आले तेव्हा निम्मं मैदान मोकळं झालं होतं. "कळवतो," एवढंच बोलून ते गेले.

संघ येईल की नाही, माहीत नाही. आमचं सोयाबीन मात्र मी घराच्या गच्चीवर पसरलंय आणि यंदा ते तिथंच वाळेल, असं अप्पांना सांगूनही टाकलंय.