भाऊले फोनवर बास आयकूच येईना

गाववाल्यांनो, आज काय झालं आयका.

मी इकडं पुण्यात कंपनीत कामाले. आज सुट्टी टाकून बास गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, पाहाले दुकानात गेलो. मोठा परवडत नाई, म्हणून छोटा, वापरलेला. आपल्या झाडीपट्टीतल्या वडश्याच्या नाटक मंडळीतले ढोलकवाले भाऊ म्हणाले होते, "फोनवर आयकव. जमलं तं यंदा नाटकात बास वाजवाले तुलेच घेतो, नाई तं दुसरा तयार आहे."

दुकानातूनच भाऊले फोन लावला, गिटार जोडली, बासचं बटन पूर्ण फिरवून वाजवाले लागलो. दुकानाच्या काचा हालल्या. मी खूश!

भाऊ म्हणते, "काबे, सुरू काऊन नाई करून राह्यला?"

"भाऊ, केव्हाचा वाजवून राह्यलो!"

"मले तं नुसती ट्रॅक्टरची घरघर येऊन राह्यली. सूर कुठी आहे? राहू दे मंग."

तवा ध्यानात आलं, फोनातून जाड आवाज नीट जातच नाई. म्हणलं, "भाऊ, फोन ठेवू नका!" घाईघाईत बास अर्ध्यावर आणला, मिडचं, म्हणजे मधल्या सुरांचं, बटन वाढवलं. आवाज मले एकदम बारीक, नाकातला वाटला. तरी वाजवत राह्यलो.

मंग फोनातून ढोलक सुरू झाली, माह्या बोटांच्या मागं मागं.

"हा. आता ये."

तोच अ‍ॅम्प घेतला. पण वाजवणाऱ्यांनो, खरं सांगा, आपल्याले न आवडणारा आवाज रोज वाजवून आवडाले लागते का?