हात सैल सोडा

खर्ड्याच्या बाजारातल्या बांगडीवाल्या मावशीनं एकाच खुन्यावरच्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्या आहेत. हा खुनी दर वेळी बाईच्या हातातल्या बांगड्या घेऊन जातो. त्यावर सिनेमा आला, मग सिरियल आली. मावशीचा दोन्हींवर राग आहे.

"पिच्चरवाल्यानं दगडानं वाढिवल्यात," ती म्हणते. बांगडी फुटली असं ती कधीच म्हणत नाही. "शिरेलीत पकडीनं कापल्यात. पुस्तकातला मानूस अख्ख्या काढतो, ताई."

बोलताना डोळे मिटून ती माझी बोटं चेपत असते. "हात सैल सोडा. मेल्यावानी."

जुन्या बांगड्या उतरवताना एक तरी ठेवायची, सवाष्णीचा हात भुंडा करायचा नाही, हे मला तिनंच सांगितलं होतं. परवा मी बांगड्या भरायला बसले, तेव्हा सिरियलमधल्या बाईच्या ओरडण्यावरून ती तणतणत होती.

"वरडंल कशाला? तो आधी बांगड्या काढतो, मंग मारतो. काढल्यालं तिला कळतबी न्हाई."

मी हसून खाली पाहिलं. तिच्या मुठीतला माझा हात भुंडा होता. सगळ्या बांगड्या अख्ख्या तिच्या मांडीवर पडल्या होत्या.

"अस्सं," मावशी डोळे न उघडता म्हणाली.