सोनीबाईंच्या खाटेजवळ

दोन हजार दोन साली बारावीनंतरच्या सीईटीत प्रतिभाला मार्क कमी पडले आणि मेडिकलचा प्रवेश हुकला. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरात भात-नाचणी पिकवणाऱ्या भागूची ती थोरली. गावातून मेडिकलला अर्ज केलेली पहिलीच पोर.

भागू चिडला नाही. म्हणाला, "परत दे परीक्षा. पर आजारी माणसापाशी बसायला जमतंय का, ते आधी बघ."

नारायणगावातल्या एका छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर शीला यांनी तिला ठेवून घेतलं. सकाळी अभ्यास, दुपारी वॉर्ड. पहिल्याच दिवशी तिच्या वाट्याला येडगावच्या सोनीबाई आल्या. अर्धांगवायूनं उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेलेली, पडून पडून पाठीला जखम झालेली. डॉक्टरांनी पट्टी सोडताच वास आला. प्रतिभा तोंड दाबून बाहेर पळाली आणि मोरीत ओकली.

पट्टी पुरी करून डॉक्टर बाहेर आल्या. "तू पळालीस ते त्यांनी पाहिलं. जा, जवळ बस."

म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. उशी भिजली होती. प्रतिभानं नुसता तिचा डावा हात हातात घेतला.

पुढं कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, चमच्यानं पेज भरवणं तिच्या अंगवळणी पडलं. जखम भरत आली, पण छातीत कफ साठला आणि एका दुपारी, प्रतिभा केस विंचरत असताना, सोनीबाईंचा श्वास थांबला.

मुलगा हौशीराम बेल्ह्याच्या बाजाराला गेला होता. धावतपळत आला. "माजं नाव घेतलं का वं आईनं?"

हो म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. प्रतिभाच्या ओठांवर आलंही होतं.

"न्हाई दादा. बोलता कुठं येत व्हतं त्यांना? पर पेज प्याल्या. वेणी घालताना मान आपली आपण वळवली. मी जवळच व्हते."

तो दारातच खाली बसला. "एकटी न्हवती म्हणायची," म्हणाला आणि रडू लागला.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडं गेली. "मला न्हाई व्हायचं डॉक्टर. एवढं करून माणूस गेलंच."

"माझीही पुष्कळ गेली," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "ते सोपं होत नाही. आज चार नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना कुणी भरवलेलं नाही."

प्रतिभा पेजेची वाटी घेऊन आत गेली.

उन्हाळ्यात तिनं पुन्हा परीक्षा दिली. या खेपेला सरकारी कॉलेजात नंबर लागला. शिक्षण संपल्यावर तिनं डोंगरातलाच सरकारी दवाखाना मागून घेतला. रोगी दगावला की नातेवाइकांना ती स्वतः सांगते, त्यांच्याशेजारी बसून. घाई करत नाही. त्या दिवशी मात्र घरी गेल्यावर तिला जेवण जात नाही, आणि भागूही तिला आग्रह करत नाही.