ऑइलमधलं पाणी

करंजीचा घाट चढताना आबांनी जीप एकदम कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती. मी खाली उतरायला लागले तर ते म्हणाले, "बस जरा. काटे बघ आधी."

टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत जाऊन टेकला होता. त्याच्या शेजारचा ऑइल प्रेशरचा काटा इंजिन बंद व्हायच्या आधीच तळाला गेला होता, असं आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं ड्रायव्हर. आधी दुसऱ्यांच्या गाड्यांवर आणि मग या स्वतःच्या जीपवर. तिसगाव, पाथर्डी, नगर अशी माणसं वाहिली, वऱ्हाडं नेली, शिर्डीच्या फेऱ्या केल्या. त्यातून माझं डी.एड. झालं. आता मी नगरमध्ये सावेडीला शाळेत शिकवते आणि सुट्टीला तिसगावला त्यांच्याकडे जाते. त्या रविवारी दुपारची एस.टी. आलीच नाही, म्हणून ते मला नगरला सोडायला निघाले होते.

"आबा, पाणी बघितलं होतं ना?"

"आजवर कधी पानी न बघता गाडी काढली का मी?" ते चिडले. "सकाळी मोठा मग भरून घातलंय."

अर्ध्या तासानं त्यांनी फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत खडखडाट होता. आबा बराच वेळ त्या भोकात बघत राहिले. मला तेव्हा वाटलं, गाडी कुठून गळतेय याचा ते विचार करतायत.

फोन केल्यावर आमच्या गाडीचे मिस्त्री, चाचा, टेम्पो घेऊन आले आणि जीप ओढत तिसगावला नेली. चाचांचं गॅरेज पाथर्डी रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. एकटेच काम करतात. आबांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं तेव्हापासूनची दोघांची ओळख. आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा त्यांच्या घरून यायचा आणि दिवाळीचा डबा घेऊन मी सायकलवर त्यांच्याकडे जायचे. आबांच्या गाडीला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नव्हता.

चाचांनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि बोटावर घासून मला दाखवली. काळं असायला हवं ते ऑइल चहासारखं झालं होतं, जास्त दुधाच्या चहासारखं.

"ऑइलमध्ये पानी गेलंय," ते म्हणाले. "पातळ ऑइल प्रेशर धरत न्हाई. आन् रेडिएटरातलं पानी तिकडं गेलं म्हणून गाडी तापली. पानी आन् ऑइल येगळं ठिवनारं हेड गॅस्केट गेलं असनार."

ते अगदी बरोबर वाटलं. एकाच दुखण्यानं दोन्ही गोष्टींचा उलगडा होत होता. चाचांनी इंजिनाचं हेड उतरवलं, नगरला पाठवून घासून आणलं, नवं गॅस्केट बसवलं. जुनं गॅस्केट त्यांनी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं होतं. कुठं फाटलेलं दिसेना, पण जुनं होतं, बदललेलं बरं, असं म्हणाले. नवं ऑइल घातलं, रेडिएटरात साध्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं. आबा खूश होऊन गाडी घरी घेऊन गेले.

तीन आठवड्यांनी पाथर्डीहून येताना प्रेशरचा काटा पुन्हा पडला. ऑइल पुन्हा दुधाळ.

त्या शनिवारी मी तडक गॅरेजवर गेले. तिथं दोन ट्रॅक्टरवाले बसलेले होते. त्यांच्यादेखत मी बोलले. "चाचा, तुम्हाला आता दिसत नसेल नीट, तर तसं सांगा. मी गाडी नगरला मोठ्या वर्कशॉपमध्ये नेते. आबा घाटात एकटे असते तर काय झालं असतं?"

चाचा हात पुसत उभे राहिले. एवढंच म्हणाले, "गाडी चालू करू नको म्हनावं त्यांना. मंगळवारी मी घरी येऊन बघतो."

घरी आबाही तेच बोलत होते. "त्याच्यानं आता व्हत न्हाई. म्हातारा झाला." आई मान वर न करता भाकरी थापत होती.

मी तीन दिवसांची रजा टाकून थांबले. मंगळवारी सकाळी आबा वेशीवर चहाला गेले आणि चाचा हत्यारांची पिशवी घेऊन अंगणात आले. त्या दिवशी त्यांनी काम कसं केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. रागानंच बसले होते, खरं सांगायचं तर.

गाडीतला काटा जुना, तो खोटं बोलत असेल, म्हणून त्यांनी स्वतःचं प्रेशर मोजायचं मीटर आणलं होतं. पण ते नंतर, म्हणाले. आधी पट्टी काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर होतं. "कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय," ते स्वतःशीच पुटपुटले. मग रेडिएटरला हातपंप लावून हवा भरली आणि विडी न पेटवता नुसती ओठात धरून बसून राहिले. पंधरा मिनिटांनी वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून एक थेंब पडला. हिरवा. थोड्या वेळानं दुसरा.

"हां. इथनं जातंय थोडं थोडं. पन हे भायेर पडतंय, आत न्हाई."

मग ते गाडीखाली गेले. ऑइलच्या चेंबरखाली पांढरी बादली सरकवली आणि ऑइल काढायचा नट हळूहळू सैल केला. गाडी तीन दिवस जागची हलली नव्हती. पाणी ऑइलपेक्षा जड, ते खाली बसतं, म्हणून आधी तेच येणार, असं त्यांनी मला सांगितलं. तसंच झालं. आधी पाणी आलं. येतच राहिलं. अर्धी बादली भरत आली तेव्हा कुठं दुधाळ ऑइल सुरू झालं.

चाचा खालून बाहेर आले आणि बादलीकडे बघत उकिडवे बसले.

"बेटा, याचा रंग बघ."

"रंग कुठाय? साधं पाणी आहे."

"तेच. रेडिएटरात मी हिरवं भरलंय. गॅस्केट फुटलं असतं तर इथं फिक्कट का व्हईना, पन हिरवं आलं असतं. आन् रेडिएटर तर जवळजवळ भरलेला हाय." त्यांनी बोट बुडवून पाणी चोळलं. "हे तुमच्या हौदातलं पानी हाय. उभ्या गाडीत कुठनं आलं?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"गाडीत पानी कोन घालतं?" त्यांनी विचारलं.

"आबाच घालतात. रोज सकाळी."

चाचांनी मान खाली घातली. नट आवळला, हत्यारं पिशवीत भरली. मीटर लावलंच नाही. जाताना म्हणाले, "उद्या सकाळी जरा लक्ष दे. पन त्यांना काय बोलू नको."

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. आबा आंघोळ करून आले. हौदातून मग भरला. बॉनेट उघडून काठी लावली. सगळं नेहमीच्या सफाईनं. मग त्यांचा हात रेडिएटरकडे गेला, थांबला, आणि तिथून इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाकडे वळला, जिथून ऑइल भरतात. ते झाकण त्यांनी फिरवून काढलं, नीट खिशात ठेवलं आणि एक थेंब न सांडता मगभर पाणी आत ओतलं. मग झाकण बसवलं आणि फडक्यानं भोवतालची धूळ पुसली.

बॉनेट लावताना गाडीवर हलकी थाप मारली. ती त्यांची मी लहानपणापासून पाहिलेली सवय होती.

मागून आई आली. तिनंही पाहिलं होतं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"आई, ते ऑइलच्या तोंडात पाणी घालतायत."

आई खाली बसली. "मला काय कळतं कुठलं तोंड कशाचं," ती म्हणाली. "पन ते इसरतात, हे मला म्हाईत हुतं. दिवाळीपासनं. जेवल्यावर पुन्ना ताट मागतात. परवा मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडी काढून घेतली असती. गाडीबिगर ते काय करतील, सांग मला."

तिचं बोलणं खरं होतं. मी गाडी काढूनच घेणार होते.

नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं ते आम्हाला आधीच कळलेलं होतं. आजाराला नाव मिळालं एवढंच. गाडी द्यायची नाही, हे त्यांनीही बजावलं. पण आबांना ते कसं सांगायचं? "तुमचं डोकं चालत नाही म्हणून तुम्ही आता गाडी चालवायची नाही," हे माझ्या तोंडून निघेना.

जीप तोवर पुन्हा गॅरेजवर गेली होती. चाचांनी नवा वॉटर पंप बसवला, चेंबर धुतलं, पाण्यानं खराब झालेली बेअरिंगं बदलली. पंधरा दिवसांनी मला बोलावून इंजिन चालू करून दाखवलं. गरम झाल्यावरही मीटरचा काटा खंबीर उभा होता. हिरवा थेंब कुठं नव्हता.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं. "चावी त्यांना देऊ?"

"चाचा," मी म्हटलं, "गाडी दुरुस्त होत नाही असं सांगाल का? पार्ट मिळत नाहीत म्हणा."

त्यांनी इंजिन बंद केलं आणि चावी काढून हातात घेतली. एका मिस्त्रीला मी सांगत होते की तुम्ही हरलात असं गावाला सांगा, आणि तेही त्या ट्रॅक्टरवाल्यांपुढं तसं बोलून झाल्यावर. हे मला बोलताना सुचलं नाही, नंतर एस.टी.त बसल्यावर सुचलं. चाचा शेवटी म्हणाले, "सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. त्यानंतर वर्षभर आबा रोज सकाळी काठी टेकत गॅरेजवर जायचे. "झाली का रे?" "न्हाई अजून, उद्या बघू." कधी आबा शांत बसायचे, कधी भडकायचे. वेशीवर, बाजारात, देवळापाशी भेटेल त्याला सांगायचे की मिस्त्रीनं माझी चांगली गाडी खोलून ठेवली, त्याला आता काही येत नाही. लोकांना ते पटलं. दोन-तीन जुनी गिऱ्हाईकं पाथर्डीला जायला लागली. हे मला चाचांनी कधीच सांगितलं नाही. आईकडून कळलं.

मी एकदा माफी मागायला गेले होते. चाचा एका ट्रॅक्टरचा पंप खोलत होते. मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले..." त्यांनी मान हलवली. "पहिलं गॅस्केट मीच उगीच बदललं, बेटा. फाटलेलं नव्हतं ते मला दिसत हुतं. तरी पानी कुठनं आलं हे मी इचारलं न्हाई. तवाच इचारलं असतं तर तुला तीन आठवडे आधी कळलं असतं." त्यांना त्याचं खरोखर वाईट वाटत होतं. माझी माफी तशीच राहिली.

पावसाळ्याच्या शेवटी आबा गॅरेजवर गेले ते शेवटचं. मी बरोबर होते. जीप शेडच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती. वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उडालं तसे आबा जवळ गेले, बॉनेटवरून हात फिरवला आणि चाचांना विचारलं, "कुनाची हो गाडी? चांगली ठिवलीय."

मी दुसरीकडे तोंड वळवलं.

चाचा म्हणाले, "हाय एका दोस्ताची."

"त्याला म्हनावं, पानी बघत जा रोज," आबा म्हणाले आणि बाकावर येऊन बसले. चाचांना ते त्या दिवशी "अहो" म्हणत होते. चाळीस वर्षांत कधी म्हणाले नव्हते.

हिवाळ्यात आबा गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं.

दहाव्याच्या दिवशी सगळे अंगणात बसलेले असताना आबांचे एक चुलत भाऊ म्हणाले, "त्या मिस्त्रीनं गाडीची वाट लावली आन् तवापासनंच आबा खचला." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. चाचा तिथंच, फाटकाजवळच्या खुर्चीत बसलेले होते. त्यांनी ऐकलं आणि जमिनीकडे बघत राहिले.

मी उभी राहिले. आबा पाणी कुठं ओतत होते, गाडी कधीच दुरुस्त झालेली होती, आणि ती दिली नाही ती माझ्या सांगण्यावरून, हे सगळं मी सांगून टाकलं. बोलताना माझा आवाज चढला होता. ते चुलत काका उगीच टोपी काढून पुन्हा घालत राहिले.

आई उठून आत गेली. मी मागे गेले तर ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"एवढं दिवस झाकून ठिवलं हुतं मी," ती म्हणाली. "चाळीस वर्सं लोक म्हनायचे, ह्याच्यासारखा ड्रायव्हर न्हाई. आता म्हनतील, येडा झाला हुता."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

चाचाही नाराज झाले. निरोप घ्यायला गॅरेजवर गेले तेव्हा म्हणाले, "कशाला सांगितलंस? माझं काय जात हुतं?" मी म्हटलं, तुमचं नाव जात होतं. त्यांनी जीपचं काय करायचं तेवढं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या खेपेला ठरवू.

एस.टी. घाट चढून नगरकडे निघाली तेव्हा मी अंगणातला तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवत होते. गप्प बसले असते तर चाचांवर अन्याय झाला असता. बोलले, तर आईनं एवढ्या जिवापाड जपलेलं मी चारचौघांत उघडं केलं. आबांना यातलं काय आवडलं असतं, ते विचारायची वेळ तर आधीच निघून गेली होती, ते जिवंत असतानाच.