निरोपाला घड्याळ लावत नाहीत

आमच्या हिंटरलान गावात, या बर्फाच्या डोंगरांत, पोर चालायला लागलं की त्याच्या पायात स्की अडकवतात आणि ते आपटलं की सगळे हसतात. रोमाना आपटली की कुणाची हसायची टाप नव्हती, कारण तिचा बाप शेजारी डोळे वटारून उभा असायचा. बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ एर्विन. मी झेन्झी, तिची आत्या. चर्चसमोरची खाणावळ माझी. पोर लहान असतानाच तिची आई इन्सब्रुकला गेली ती गेलीच, तेव्हा रोमाना माझ्याच स्वयंपाकघरात वाढली.

पोरगी वेगवान होती. उगाच कुणाची आरती ओवाळायचा माझा स्वभाव नाही, पण होती. देशाच्या चमूत घेतली, जकात खात्यात नोकरी दिली. आता जकात खातं म्हणजे काय, तर हिनं जन्मात कुणाची पेटी उघडून पाहिली नाही. आमच्याकडे शर्यतवाल्यांना सरकार असंच पोसतं. एकदा इटलीत ती तिसरी आली, तर गावानं तिला आगीच्या बंबावर उभं करून मिरवलं, पुढे बँड. कासिअन पाववाल्यानं त्याच रात्री तिचा चाहता संघ काढला. टोप्या काय, गाईंच्या घंटा काय, स्वतः अध्यक्ष काय! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याची बायको म्हणाली, "पाव करपतात तिकडे, आणि हा इथे घंटा बडवतोय."

पण रोमानाला हवं होतं ते इटलीत नव्हतं. आमच्या गावाच्या सावलीकडच्या उतारावर दर जानेवारीत डाउनहिलची, म्हणजे वरून खाली सुसाट सुटायची, शर्यत होते. दुसऱ्या फळीची, पण आमची. खाली शेवटच्या रेषेपाशी लाकडी खोपटं आहे, त्यात एर्विन वर्षानुवर्षं घड्याळ सांभाळतो. वरून कुणी सुटलं की त्याचं घड्याळ सुरू, रेषा ओलांडली की बंद, आणि वेळ फलकावर. रोमानाला त्या फलकावर आपल्या नावापुढे बापानं मोजलेली वेळ हवी होती. बस. पहिला नंबर नको, पदक नको.

पहिल्या खेपेला ती अर्ध्यावर पडली. उजव्या गुडघ्यातला बंध तुटला. दुसऱ्या खेपेला नडगी. तिसऱ्या खेपेला डाव्या गुडघ्याचं जे जे म्हणून तुटायचं ते सगळं, आणि हेलिकॉप्टर आलं. दर वेळी शस्त्रक्रिया, कुबड्या, व्यायाम, पुन्हा शर्यती. बाहेरगावच्या उतारांवर ती खाली पोचायची. आमच्याकडेच नाही. फलकावर तिच्या नावापुढे वेळेच्या जागी नुसती आडवी रेघ. कासिअन म्हणायचा, "उतार तिच्यावर खार खाऊन आहे." मी म्हणायची, "उताराला काय खायला पडलंय! तू बडवलेल्या घंटांनी पोरीचं डोकं उठतं."

तिसऱ्या पडण्यानंतर पोर गप्प झाली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आधीच्या दोन्ही वेळी रडली होती, भांडली होती, एकदा कुबडी फेकून माझं काचेचं भांडंही फोडलं होतं. या खेपेला काहीच नाही. "खातेस का?" "खाते." "दुखतंय का?" "नाही." डोळ्यांसमोर टीव्ही चालू असायचा आणि ती भिंतीकडे बघत असायची. तिच्या बरोबरीच्या पोरी जिंकत होत्या. त्यांची नावं ऐकूनही तिच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. मला भीती वाटायला लागली. अशी भीती मला ती पडताना पाहूनही वाटली नव्हती.

शेवटी डॉक्टर म्हणाले, आता शर्यत नाही, परवानगीच मिळणार नाही. एर्विननं टोपी जमिनीवर आपटली. रोमाना म्हणाली, "बरं."

आता आमच्याकडे रीत अशी, की शर्यती सोडणारी पोरगी शेवटचा उतार डिर्नडल घालून उतरते. शर्यत संपल्यावर, आपला घेरदार झगा, चोळी, ॲप्रन अशी सजून. ठिकठिकाणी थांबते, गळाभेटी घेते, चाहत्यांकडून घोटभर श्नॅप्स दारू घेते, रमतगमत खाली येते. कासिअननं लगेच सगळं ठरवून टाकलं. चाहता संघ मधल्या वळणावर उभा राहील, तिथे ती थांबेल, तो पेला देईल, बँड वाजेल. रोमाना त्यालाही "बरं" म्हणाली.

तिची लाल डिर्नडल मी शिवायला घेतली. मापाच्या दिवशी स्टुलावर उभी होती. मी घेराला टाचण्या लावत होते, एक चुकून तिच्या गुडघ्यात घुसली. मीच किंचाळले. ती म्हणाली, "तिथे मला कळतच नाही, आत्या. शस्त्रक्रियेनंतर तेवढी कातडी मेलीय." आणि मग त्याच सुरात, "घेर कमी कर. वारा भरतो."

"रमतगमत येणाऱ्या बाईला कसला गं वारा?"

"मी थांबणार नाहीये."

एव्हाना मी पुन्हा तोंडात टाचण्या धरल्या होत्या, नाहीतर तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. टाचण्या काढून म्हटलं, "अक्कल गहाण टाकलीस का? तो गुडघा आता जिना उतरायलाही कुरकुरतो!"

"एकदाच. वरून खालपर्यंत. बाबा खोपटात आहेतच."

"आणि पडलीस तर?"

"तर पडले." माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. ते मला वर जाऊच द्यायचे नाहीत."

खरं होतं ते. एर्विननं तिला डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याच्या खांबाला बांधून ठेवलं असतं. आणि कितीतरी महिन्यांनी पोरीनं काहीतरी मागितलं होतं. मी घेर कमी केला. अगदी अंगाबरोबर केला. शिवताना तिला, डॉक्टरला, त्या इन्सब्रुकवालीला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

शर्यतीच्या दिवशी थंडी मरणाची होती. उतार काचेसारखा कडक. शर्यत संपली, पहिल्या तिघींना फुलं दिली, मग कर्ण्यावरून रोमानाचं नाव पुकारलं. मी खाली रेषेपाशी कठड्याला धरून उभी होते. एर्विन खोपटाच्या दारात आला होता, इस्त्रीचा कोट घालून, हातात फुलं. मला वाटलं, आत जा की बाबा, घड्याळापाशी जा. पण बोलायची सोय नव्हती.

वरून लाल ठिपका सुटला. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. पहिल्या वळणाला टाळ्या तशाच. दुसऱ्या वळणाला कमी झाल्या. पोरगी गुडघ्यांत वाकून, हात पुढे घेऊन, बंदुकीतून सुटल्यासारखी येत होती. मधल्या वळणावर कासिअन पेला घेऊन पुढे झाला आणि श्नॅप्ससकट मागे उलथला. बँडवाल्यांनी सूर धरला होता तो मध्येच तुटला. मग शेवटची उडी, जिथे ती तिसऱ्यांदा पडली होती. तिथून ती उडाली. ती टेकली, डावा पाय जरा सरकला, सावरली, आणि रेषा ओलांडून गेली.

मग जो गलका झाला! मी तर ओरडतच होते, काय ते मला आठवत नाही. रोमाना वळली, थांबली, चष्मा वर केला आणि फलकाकडे बघितलं.

फलक काळा होता.

ती बघत राहिली. येईल, जरा उशीर लागतोय, असं वाटलं असावं. मग तिनं बापाकडे बघितलं. एर्विन फुलं घेऊन बर्फात तसाच उभा. "बाबा, वेळ?"

"निरोपाला घड्याळ कुठे लावतात, बाळा?" तो म्हणाला. "तू रमतगमत येणार होतीस ना."

आणि खरंच, आमच्याकडे नाहीच लावत. पाहुण्याच्या ताटातलं कुणी मोजतं का? निरोपाच्या उताराला घड्याळ लावणं म्हणजे तिचा अपमान. एर्विननं शेवटच्या शर्यतवालीनंतर अदबीनं, आठवणीनं यंत्र बंद करून टाकलं होतं. सारं मुसळ केरात! तिला माहीत नव्हतं का? असणारच. पण बाप खोपटात आहे म्हणजे घड्याळ चालू आहे, हे तिच्या इतकं अंगात मुरलेलं, की तिकडे तिचं ध्यानच गेलं नाही. माझंही नाही.

"हो, खरंच," रोमाना म्हणाली. फुलं घेतली.

दुपारी सगळे माझ्या खाणावळीत. मी रश्शात उकडीचे गोळे वाढत होते आणि पुरुष भांडत होते. कासिअन म्हणे, आजच्या पहिलीपेक्षा वेगात होती. बँडमधला ढोलवाला म्हणे, "हट्, तू तर आडवा पडला होतास, तुला काय दिसलं? फार तर पाचवी." कुणी मनात आकडे मोजले होते, कुणी श्वास. प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि प्रत्येक जण टेबलावर मूठ आपटून आपलीच खरी म्हणत होता. रोमाना लाल झग्यात बसून सूप पीत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

शेवटी कासिअन म्हणाला, "अरे, एर्विनला विचारा ना! इतकी वर्षं तिथे उभा राहिलाय, नुसत्या नजरेनं सांगतो तो. चूक होत नाही त्याची."

रोमानानं मान वर केली. कितीतरी दिवसांनी मला तिच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं. "सांगा ना, बाबा. अंदाजानं सांगा. मला चालेल."

एर्विननं हातातला चमचा पुसला. पुन्हा पुसला.

"मी नाही पाहिलं," तो म्हणाला. "तू पहिल्या वळणाला थांबली नाहीस, तेव्हाच डोळे मिटले मी. लोक ओरडले तेव्हा उघडले."

माझ्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला.

"पण मी पोचले," रोमाना म्हणाली.

"हो," एर्विन म्हणाला. "पोचलीस." आणि माझा भाऊ, ज्याला मी आईच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं, तो सगळ्या गावासमोर तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. रोमानानं एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं उरलेलं सूप संपवलं.