आत्याचे लेव्हल वनचे नियम

माझी आत्या, हिरा वाघमारे, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात होती. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने ती विश्रांतवाडीच्या घरात गॅसची नळी, इस्त्रीची वायर आणि आमचे चेहरे तपासत बसली. मग आमचा खेळ तिच्या घरी आला.

खेळ असा, की एक जण गोष्ट रचतो आणि बाकीचे तिच्यातली माणसं होतात. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार. आपण काय करतो ते सांगायचं आणि फासे टाकायचे. जमलं की नाही ते फासे ठरवतात. गोष्ट आमचा मित्र अभय रचायचा. आधी आम्ही सदाशिव पेठेत त्याच्या खोलीवर जमायचो. ‘अभ्यास होत नसल्यास निदान शांतता राखावी’ असा कागद घरमालकांनी दारावर चिकटवला, तेव्हा आत्याने स्वतःहून आपला हॉल दिला.

ती मटार सोलत ऐकत बसायची. चौथ्या रविवारी आमच्यातल्या कल्याणीचा जादूगार मेला. तिचा हा तिसरा. लेव्हल वनच्या, म्हणजे अगदी नवशिक्या, जादूगाराला जीव असतो पाच पॉइंटांचा, आणि लांडगा नीट चावला तर आठ जातात. कल्याणीने फासे पिशवीत भरले आणि आपण आता येणार नाही असं सांगून गेली.

“खेळाच्या पुस्तकात नियम तसाच आहे,” अभय म्हणाला.

“पुस्तक बघू,” आत्या म्हणाली.

“जाड आहे, काकू.”

“मी वाचायला मागतेय. उचलायला नाही.”

आठवडाभर ती चष्मा लावून पुस्तकात होती. शनिवारी तिने मला वही दाखवली. चार रविवारांत नऊ जण मेले होते, त्यातले सात पहिल्याच घावात.

“चैताली, हे सगळं मुरलेल्या वीरांसाठी लिहिलंय. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी स्फोटकांच्या शेडमध्ये एकटं सोडत नव्हते.”

मग तिने नियम बदलले: सगळ्यांचा जीव तिप्पट, मरायचं कुणीच नाही. त्या रविवारी आम्ही लांडग्यांचा कळप आणि दरोडेखोरांची एक टोळी सहज संपवली आणि चार वाजेपर्यंत जांभया द्यायला लागलो.

“काकू,” अभयने विचारलं, “हा लांडगा चावतोय की चाटतोय?”

आत्याने वही मिटून ठेवली. दोन दिवस माझ्याशीही जेवढ्यास तेवढंच बोलत होती. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, “पोरगं बरोबर बोललं. मी धोका कमी करायला गेले आणि भीतीच काढून टाकली.”

नवे नियम अर्ध्या पानात मावले. जीव पूर्वीइतकाच. पण तो संपला की माणूस मरत नाही, पडतो. तीन फेऱ्यांच्या आत सोबत्याने त्याला ओढून बाहेर नेलं तर वाचतो, नाहीतर गेला. ढाल असेल तर एक घाव ढालीवर घेता येतो, ढाल मात्र मोडते. आणि जनावरं अर्धी जखमी झाली की पळतात, कारण जनावरांना अक्कल असते.

कल्याणीला तिने स्वतः फोन केला. “एकदा ये. मीही खेळणार आहे.”

आत्या एक कुंभारीण झाली. हातात ढाल आणि मडकी थापायचं थापटणं. त्या दुपारी गुहेत दरोडेखोरांच्या दुसऱ्या एका टोळीच्या नायकाने कल्याणीच्या जादूगाराला पाडलं. दोन फेऱ्या गेल्या. मी दुसऱ्या टोकाला अडकले होते. नायक घायाळ होऊन आत्याच्या समोर उभा होता, आणखी एक फटका आणि तो संपला असता.

“मारणार?” अभयने विचारलं.

“नाही. हिला उचलते.”

नायकाचा घाव तिने ढालीवर घेतला, ढाल मोडली, आणि ती जादूगाराला ओढत गुहेबाहेर आली. नायक पळाला. कल्याणी हसत होती आणि डोळेही पुसत होती. पुढचे पाच रविवार त्या नायकाला शोधण्यात गेले. इतकी मजा आम्हाला आधी कधी आली नव्हती.

अभयने त्या पानाची झेरॉक्स काढून हा खेळ खेळणाऱ्या दुसऱ्या दोन ग्रुपना दिली. वर आत्याचं नाव लिहिलं होतं, आणि तिच्याच सांगण्यावरून ‘लेव्हल तीनपर्यंतच लागू’ असंही.

आम्ही लेव्हल चारला पोचलो त्याच रविवारी एका राक्षसाने कुंभारणीला कड्यावरून खाली फेकलं. अभयने फासा पाहिला, मग आत्याकडे पाहिलं.

“काकू, एवढ्यापुरता तुमचा तो तीन फेऱ्यांचा नियम धरू या का?”

“लेव्हल तीनपर्यंत म्हटलंय ना? वाचता येतं ना तुला?”

कुंभारीण मेली. आत्याने तिचा कागद दुमडून बाजूला ठेवला. आत्याला खरंच वाईट वाटलं होतं. मग तिने कोरा कागद पुढे ओढला आणि कल्याणीला विचारलं, “चोर व्हायचं असेल तर काय काय लागतं गं?”