पत्र्याखालचा हॉल

माझं डोस्कं लवकर फिरतं. लक्ष्मीपुरीत माझं फ्लेक्स छपाईचं दुकान हाय, आणि आकारामचं नाव काढलं की लोक आधी माझ्या शिव्याच सांगतात. पण जिथं खरंच शिव्या द्यायला पायजे होत्या, तिथं मी गप्प बसलो. बुद्धभूषणची गोष्ट सांगायची म्हणजे तीच सांगावी लागती.

२००४ सालची गोष्ट. भूषण तेव्हा सत्ताविशीचा. माझ्या दुकानाच्या माळ्यावर कॉम्प्युटर मांडून बसायचा. बिल्डरची बिल्डिंग उभी राहायच्या आधीच आतला हॉल, बेडरूम कॉम्प्युटरवर बनवून त्याचं चित्र द्यायचं, हा त्याचा धंदा. थ्रीडी म्हणायचे त्याला. गावात असली कामं करणारे दोन-चारच जण, आणि त्यांच्या खोल्या दिसायच्या कशा? दवाखान्यागत. फरशी चकाचक, सोफ्यावर जन्मात कोण टेकलेलं न्हाय. भूषण म्हणायचा, "दादा, सगळं नीटनेटकं असलं की खोटं दिसतंय. माणूस राहिला की घर थोडं मळतं, थोडं झिजतं. ते घालाय पायजे."

मग तो सोफ्याची एक गादी जरा दाबून ठेवायचा. खुर्ची तिरकी, आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखी. दाराच्या खालच्या कडेला पायांची घासण. आणि लाईटच्या बटनाजवळ भिंतीवर हाताचा फिकट डाग. तो डाग त्यानं मनानं काढलेला न्हवता, स्वतःच्या घरातल्या भिंतीचा फोटो काढून आणलेला. सिद्धार्थनगरात त्याची एक खोली, वर पत्रा. आई सरुबाई आणि हा, दोघंच. सरुबाईमावशी आजऱ्याची, जन्म काजू सोलण्यात गेला. टरफलाच्या तेलानं बोटं भाजून भाजून बधिर झालेली. बटन सापडेपर्यंत ती सगळी भिंत चाचपायची, त्याचा तो डाग.

खोलीच्या तीन भिंतींना ओल होती आणि मावशीला दमा. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलतं की पुढचा पावसाळा हिला ह्या ओलीत काढाय लावू नका. तेव्हापासून भूषणच्या डोक्यात दुसरं काय न्हवतंच. आईला कोरड्या घरात न्यायचं, बस्स.

रंकाळ्याच्या अंगाला यशराजशेठची नवी स्कीम निघाली; सांगाडा उभा होता, पावसाळ्याआधी ताबा मिळणार होता. त्याची सगळी छपाई माझ्याकडं असायची, म्हणून थ्रीडीचं काम भूषणला मीच मिळवून दिलं. आणि वर शहाणपणा केला. म्हटलं, "कार्डावर नुसतं 'भूषण थ्रीडी' टाक. आडनाव कशाला पायजे?"

"कांबळे लिहिलं तर चित्र बिघडतंय व्हय, दादा?"

"बिघडत न्हाय रं. पण माणसं कशी असतात तुला ठाऊक न्हाय का? ऐक की माझं."

ऐकलं त्यानं. मला वाटलं, मी त्याचं लई भलं केलं.

हॉल तयार झाला. शेठ माळ्यावर आला, बघितलं आणि म्हणाला, "नाद खुळा! आयला, आत जाऊन बसावं वाटतंय!" सोफ्यावर मावशीनं शिवलेली वाकळ टाकलेली, तिचे टाकेसुद्धा दिसत होते. मग शेठची नजर भिंतीवर गेली. तिथं बाबासाहेबांचा फोटो होता, भूषणच्या घरात होता तस्साच.

"हे कुठनं उचललंस? काढ तो. गिऱ्हाईक दारातनं माघारी जाईल."

"मोकळी भिंत खोटी दिसती, शेठ. राहत्या घरात फोटो असतोयच."

"मग धबधबा लाव एखादा."

भूषणनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "लाव की. काय जातंय आपलं?"

आपलं! माझं काय जात होतं त्यात? त्यानं धबधबा लावला.

वीस फुटांचा फ्लेक्स दाभोळकर कॉर्नरला चढला. मावशी धापा टाकत मुद्दाम बघायला आली. मी चहा मागवला, तो तिच्या हातात तसाच थंड झाला. "आकाराम, ती वाकळ माझी. आणि बटनापाशी बघ, माझाच हात हाय की रं! मी जायच्या आधी माझा हात घरात गेला बघ." खोकला येईपर्यंत हसली. भूषणनं कर्ज काढून त्याच स्कीममध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ठरवलाय, हे तिला कळलं होतं.

बुकिंगच्या दिवशी मी बरोबर गेलतो. फॉर्मवर पुरं नाव लिहायचं होतं. बुद्धभूषणनं ते ठसठशीत अक्षरात लिहिलं. शेठनं वाचलं, फॉर्म टेबलावर पालथा घातला आणि म्हणाला, "हा फ्लॅट कालच गेला की. तुला दुसरीकडं कुठंतरी बघू."

"त्याच्या वरचा?"

"त्योबी गेला."

शेठच्या मागं भिंतीवर तक्ता होता. निम्म्या घरांवर अजून विकल्याची लाल खूण न्हवती. मला दिसत होतं, भूषणला दिसत होतं, आणि आम्हाला दिसतंय हे शेठलाबी ठाऊक होतं. तिथं बोलायचं होतं मी. पण माझं हे फिरणारं डोस्कं त्या दिवशी काय फिरलं न्हाय. वर्षभराची छपाई डोळ्यांपुढं आली. भूषणनं फॉर्म उचलला, सावकाश घडी घालून खिशात ठेवला.

जिन्यात म्हणाला, "कार्डावर आडनाव असतं तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, दादा. मग आईला आशा तरी लावली नसती."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

त्यानं भाड्याच्या खोल्या शोधल्या. तिथंबी पहिला प्रश्न आडनावाचा. जिथं कोणी विचारलं न्हाय, तिथं भिंती त्याच्या घरासारख्याच ओल्या. असं करता करता मे संपला.

जूनमध्ये स्कीम भरली, तसा फ्लेक्स उतरवून माझ्या दुकानात आला. चार दिवसांनी मावशी दारात. बोलायच्या आधी किती तरी वेळ नुसती धापत उभी होती.

"आकाराम, पत्रा गळतोय. ते चित्र दे मला, खालनं बांधते."

"मावशी, ते नगं. नवा जाड फ्लेक्स देतो, फुकट देतो."

"न्हाय. त्योच दे."

हॉलचा भाग कापून, गुंडाळी करून रिक्षात ठेवला. तिनं ती मांडीवर घेतली.

ऑगस्टात मावशी गेली. पंचगंगेवरनं आल्यावर मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. इतकी वर्षं पोरगा माझ्या माळ्यावर बसायचा, आणि मी त्याच्या घरी कधी गेलोच न्हवतो. भिंतींना हात लावला तर हात ओला झाला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. वर बघितलं तर अख्खा हॉल आमच्या डोक्यावर बांधलेला. चित्र खालच्या अंगाला. सोफा, तिरकी खुर्ची, वाकळ, बटनापाशी मावशीचा हात, सगळं तिच्या खाटेच्या बरोबर वर. फक्त धबधबा दिसत न्हवता. त्याच्यावर कॅलेंडरातनं कापलेला बाबासाहेबांचा फोटो दोऱ्यानं शिवला होता. टाके वाकडेतिकडे. बोटांना सुई कळत न्हवती तिच्या.

माझा बांध फुटला. "भूषण, चुकलो रं मी. शेठपुढं बोलाय पायजे होतं मी. चुकलो!"

तो खाटेच्या कडेवर बसला होता. त्यानं मान वर करून त्या शिवलेल्या फोटोकडं बघितलं.

"बांधायच्या आधी दोन दिवस शिवत बसलीती," तो म्हणाला. "मी म्हटलं राहू दे, आई, बोटातनं रक्त येतंय. तर म्हणाली, तुझ्या चित्रात एवढंच खोटं राहिलतं."